जुनी खातेवही, नवा पीसी: फॉक्सप्रो-क्लिपरवाल्यांचे प्रश्न

विंडोज १० चे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, मग लोकांनी दणादण नवीन मशीन घेतली आणि घरी आणल्यावर लक्षात आलं की दुकानातला, संस्थेतला तो निळ्या स्क्रीनचा जुना प्रोग्रॅम, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसवर फॉक्सप्रो किंवा क्लिपर या डेटाबेसच्या भाषांत केलेला, त्याच्यावर चालतच नाहीये. त्यामुळे यावेळी सगळी पत्रं या एकाच विषयावरची घेतलीत. मोबाईल हँग होतो वाल्यांनी जरा दम धरा, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न: दादा नमस्कार. सांगलीत आमचं हळदीचं आडत दुकान आहे. वडिलांनी १९९३ साली क्लिपरमध्ये प्रोग्रॅम करून घेतला होता, पट्टी, खतावणी, उधारी सगळं त्यातच. नवीन पीसीवर डबल क्लिक केलं की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही असं येतं. पीसीवाला म्हणतो नवीन सॉफ्टवेअर घ्या, वडील ऐकत नाहीत. भाचा म्हणतो डॉसबॉक्स टाक, पण ते तर गेमसाठी असतं ना? प्रोग्रॅम करणारा माणूस आता सापडत नाही.

उत्तर: भाचा बरोबर बोलतोय आणि तुमची शंकाही बरोबर आहे. आधी हे का होतं ते सांगतो. तुमचा प्रोग्रॅम १६ बिटचा. असले प्रोग्रॅम चालवायला विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा एक भाग असायचा, पण तो फक्त ३२ बिट विंडोजमध्ये. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती मिळायची तोवर लोकांनी त्यावर भागवलं, विंडोज ११ मात्र ६४ बिटमध्येच येते. आणि ही नुसती मायक्रोसॉफ्टची खोडी नाहीये, प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की जुन्या ८०८६ प्रोसेसरचं सोंग घ्यायची त्याची सोयच बंद होते. त्यामुळे राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीत विंडोज ९५ निवडा वगैरे जे व्हिडिओत दाखवतात त्यात संध्याकाळ घालवू नका, शून्य उपयोग.

डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, हा अडथळा वळसा घालून पार करतो. जुना प्रोसेसर, जुनी मेमरी, डॉस, सगळं सॉफ्टवेअरनेच उभं करतो आणि तुमचा क्लिपरचा प्रोग्रॅम त्याच्या पोटात चालतो, त्याला पत्ताही लागत नाही. डॉसबॉक्स २००२ पासून आहे, पण तो गेमसाठीच बनवलाय आणि बनवणारे स्वतःच सांगतात की धंद्याच्या प्रोग्रॅमची जबाबदारी आमच्यावर टाकू नका. हिशेबासाठी दोन पर्याय बरे, डॉसबॉक्स-एक्स आणि व्हीडॉस. व्हीडॉस खास ऑफिसच्या, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या डॉस प्रोग्रॅमसाठी केलाय, त्यात गेम वगैरे चालणार नाही आणि तसा दावाही नाही. डॉसबॉक्स-एक्स मध्ये सोयी ढीगभर, त्यामुळे सेटिंगही ढीगभर. तुमचं एकच मशीन आहे, मी असतो तर डॉसबॉक्स-एक्स घेतला असता.

आता करायचं काय, तर जुन्या मशीनवरचा अख्खा फोल्डर उचलून नवीन मशीनवर आणा, नुसती ईएक्सई नाही. फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत, इंग्रजीत, मध्ये स्पेस नको, आणि थेट डी ड्राइव्हवर ठेवा, डेस्कटॉपवर अजिबात नको, कारण नवीन विंडोज बरेचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला, जोडून टाकते आणि मग तुम्ही इकडे पट्टी टाकताय आणि तिकडे ते अर्धवट लिहिलेली फाइल वर पाठवतंय असा प्रकार होतो. मग एम्युलेटरमध्ये तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करायचा, म्हणजे जोडायचा, की झालं. प्रोग्रॅम सुरू होता होता फाइल उघडत नाही म्हणून बंद पडला तर जुन्या मशीनवरची कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक बघा, एकीत फाइल्सची ओळ असेल आणि दुसरीत बहुतेक सेट क्लिपर ने सुरू होणारी ओळ. एका वेळी किती फाइल उघडायच्या ते या दोन ओळींत ठरतं, ते आकडे इकडे तसेच टाकायचे. जुनं मशीन भंगारात देण्याआधी या दोन फाइलींचा मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा.

नंतरची तक्रार ठरलेली असते, चालतं पण फार स्लो आहे, रीइंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची नव्याने करायला घेतलं की जेवून यावं. कारण असं की क्लिपरसारख्या रियल मोडच्या (८०८६ च्या पद्धतीने चालणाऱ्या) प्रोग्रॅमला डॉसबॉक्स स्वतःहून फक्त ३००० सायकल (नकली प्रोसेसरच्या वेगाचा आकडा) देतो, म्हणजे २८६-३८६ च्या जमान्यातला स्पीड. सेटिंगमध्ये सायकल वाढवा, २०-३० हजार करून बघा. एकदम मॅक्स करू नका, कारण क्लिपरच्या प्रोग्रॅमची एक जुनी खोड आहे, मशीन फारच फास्ट दिसलं तर सुरू होतानाच आर ६००३, इंटिजर डिव्हाइड बाय झिरो म्हणून आडवा होतो. सुरुवातीला मशीनचा स्पीड मोजायला तो एक चक्कर मारून वेळ बघतो, वेळ शून्य आला की शून्याने भागायला जातो. पेंटियम टू आले तेव्हा याच एररने अख्खी मार्केट यार्डं हैराण झाली होती. एम्युलेटरमध्ये उलट बरं आहे, सायकल कमी केल्या की गेला.

आणि एक सवय घरात सगळ्यांना लावा. प्रोग्रॅम चालू असताना वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करायचं नाही. आधी प्रोग्रॅमच्या मेन्यूतून बाहेर, मग एम्युलेटर बंद. फुली मारणं म्हणजे चालू मशीनची वायर उपटणं. यात काय जातं ते नीट सांगतो. डीबीएफ फाइलच्या, म्हणजे ज्यात तुमच्या नोंदी असतात तिच्या, सुरुवातीला हेडर असतं, त्यात एकूण किती नोंदी आहेत तो आकडा लिहिलेला असतो, आणि नवीन नोंदी फाइलच्या शेवटी जाऊन बसतात. नोंद बसली पण हेडरमधला आकडा बदलायच्या आत वायर गेली, तर नोंद फाइलमध्ये आहे आणि प्रोग्रॅमला दिसत नाही. हे घरबसल्या तपासता येतं. समजा उधारीच्या फाइलमध्ये चार रकाने आहेत, खाते क्रमांक ५ अक्षरी, तारीख ८, तपशील ३०, रक्कम १२. बेरीज ५५, आणि प्रत्येक नोंदीच्या आधी एक जागा पुसलीय की नाही या खुणेसाठी, म्हणजे ५६. हेडर म्हणजे ३२ बाइट, शिवाय प्रत्येक रकान्याचे ३२, शेवटी १, मिळून १६१. तर ५००० नोंदींची फाइल १६१ अधिक २,८०,००० अधिक शेवटच्या खुणेचा १, म्हणजे २,८०,१६२ बाइटची असायला पाहिजे. प्रोग्रॅम ५००० दाखवतोय आणि फाइल २,८०,३३० ची आहे, तर तीन नोंदी शेवटी लटकलेल्या आहेत, हेडर दुरुस्त केलं की परत येतात. घाबरून पॅक (पुसलेल्या नोंदी कायमच्या काढणारी कमांड) मात्र मारू नका, पॅकने फाइल नव्याने लिहिली जाते आणि मग त्या खरंच जातात.

वडिलांना नवीन सॉफ्टवेअर नकोय यात मला काही चुकीचं वाटत नाही, पण रोज संध्याकाळी त्या फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर, तारखेच्या नावाने, हे मात्र पाहिजेच. आणि जुन्या फ्लॉप्यांमध्ये, कपाटात कुठे पीआरजी नावाने संपणाऱ्या फाइली सापडतात का बघा. तो सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर. तो मिळाला तर हार्बर नावाचा फुकटचा कंपायलर आहे, क्लिपरचीच भाषा समजतो आणि त्यातून सरळ आजच्या विंडोजची ईएक्सई बनते, एम्युलेटरची भानगडच नको. थोडी डागडुजी करावी लागते, पण कॉलेजात शिकणारा एखादा पोरगाही करू शकेल, क्लिपर काही फार अवघड भाषा नाही.

प्रश्न: आमचा प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मधला आहे. विंडोज ११ वर डॉसबॉक्समध्ये टाकला तर एररच येते. काय करू? (नाशिक)

उत्तर: डॉसबॉक्समधून काढा. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ हे ३२ बिटचं विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज ११ वर थेट चालतं, एम्युलेटर लागतच नाही. फक्त प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरात ठेवू नका, तिथे लिहायची परवानगी नसते आणि विंडोज तुमचा डेटा परस्पर दुसऱ्याच फोल्डरात लिहीत बसते, मग दोन युजरना दोन वेगळे हिशेब दिसतात. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २०१५ च्या जानेवारीतच बंद केलाय हे खरं, पण चालायचं काही बंद झालेलं नाही.

प्रश्न: सर, मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. फॅट, एसएनएफ टाकून दहा दिवसांची बिलं निघतात, प्रोग्रॅम फॉक्सप्रो २.६ डॉसचा. डॉसबॉक्समध्ये सगळं व्यवस्थित दिसतं पण प्रिंट दिली की काहीच होत नाही. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, आता यूएसबीचा घेतलाय. एकदा लेझर प्रिंटरवर देऊन बघितली तर ओळी तुटल्या आणि मधेच चित्रविचित्र अक्षरं आली. सभासद बिल मागतात.

उत्तर: सचिवसाहेब, एम्युलेटरमध्ये अडकणारी मंडळी प्रोसेसरवर अडकत नाहीत, प्रिंटरवर अडकतात, तुम्ही एकटे नाही.

तुमचा प्रोग्रॅम प्रिंट पाठवतो एलपीटी १ नावाच्या पोर्टला, तिथे प्रिंटर लावलेलाच आहे असं धरून. यूएसबी प्रिंटरला ते पोर्ट माहीत नाही, आणि साध्या डॉसबॉक्समध्ये ते पोर्टच नाही, म्हणून काहीच होत नाही. दुसरं, प्रोग्रॅम नुसती अक्षरं पाठवत नाही, मध्ये मध्ये एप्सन या प्रिंटर कंपनीने ठरवलेल्या खुणा पाठवतो. १५ नंबरचं कॅरेक्टर गेलं की डॉट मॅट्रिक्स बारीक अक्षरात जातो, म्हणून १३२ रकान्यांचं रजिस्टर कागदावर मावतं, आणि १८ नंबरचं गेलं की परत जाड. लेझर प्रिंटरला या खुणा कळत नाहीत, तो अक्षरं जाडच ठेवतो, ओळ मावत नाही म्हणून तुटते, आणि जी चित्रविचित्र अक्षरं आली म्हणता ती त्या खुणाच.

डॉट मॅट्रिक्सवरच काढायची असतील, आणि कार्बनच्या दोन प्रती लागत असतील तर तेच बरं, तर डॉसबॉक्स-एक्स मध्ये पॅरलल पोर्टला, म्हणजे त्या एलपीटी १ ला, फाइल जोडा. प्रोग्रॅम जे काही पाठवेल ते जसंच्या तसं एका फाइलमध्ये पडेल. मग विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करायचा, आणि ती फाइल कॉपी कमांडने, स्लॅश बी लावून, त्या शेअरच्या नावावर पाठवायची. स्लॅश बी विसरायचं नाही, त्याने फाइल एकही खूण न गाळता जाते. हे सगळं एका छोट्या बॅच फाइलमध्ये टाकून डेस्कटॉपवर आयकॉन केला की काम एका क्लिकवर. नोटपॅडमध्ये उघडून तिथून प्रिंट देऊ नका, खुणांची वाट लागते.

लेझरवर किंवा पीडीएफ हवी असेल, सभासदाला व्हॉट्सॲपवर पाठवायला म्हणा, तर पोर्टला फाइलऐवजी प्रिंटर जोडा, मग डॉसबॉक्स-एक्स स्वतःच एप्सन प्रिंटर असल्यासारखा वागतो, त्या खुणा समजून घेऊन पान तयार करतो आणि विंडोजच्या प्रिंटरकडे देतो. पहिल्या वेळी कागदाची लांबी जुळवायला थोडी झटापट होईल, डॉट मॅट्रिक्सचा सलग कागद बारा इंची असतो आणि ए-फोर पावणेबाराच्या जरा आतच.

प्रश्न: नाव छापू नका. मी एका छोट्या पतसंस्थेत आहे. तीन काउंटर, सर्व्हरवर एक फोल्डर शेअर आणि तिन्ही मशीनवर डॉसबॉक्स टाकून फॉक्सप्रोचा जुना प्रोग्रॅम चालवतोय. आठवड्यातून एकदा तरी इंडेक्स खराब होते आणि दोन खात्यांची शिल्लक जुळत नाही. मॅनेजर म्हणतात व्हायरस आहे.

उत्तर: ताई, व्हायरस नाही. आणि हे आजच्या आज थांबवा, मी सहसा एवढं ताणून सांगत नाही.

जुन्या सेटअपमध्ये काय व्हायचं, एका काउंटरने खातं उघडलं की प्रोग्रॅम ती नोंद लॉक करायचा, डॉस ते लॉक नेटवर्कला सांगायचं आणि दुसऱ्या काउंटरला थांबा असा मेसेज यायचा. साधा डॉसबॉक्स हे लॉक नीट पुढे पोचवत नाही. गेम एकटाच माणूस खेळतो, त्याला लॉक कशाला लागतंय. तर समजा एका खात्यात ८००० आहेत. एक नंबर काउंटरने ते उघडलं, ८००० वाचले. तेवढ्यात दोन नंबरने उघडलं, त्यानेही ८००० वाचले. एकने २००० जमा करून १०,००० लिहिले. दोनने ५०० दिले आणि ७५०० लिहिले. नंतर लिहिलेलं टिकतं, म्हणजे खात्यात ७५००, आणि जमा झालेले २००० शिलकेतून गायब. पावती सभासदाच्या हातात आहे. उद्या तो पासबुक घेऊन आला की तुमचे साहेब व्हायरसकडे बोट दाखवणार का?

व्हीडॉस लॉक विंडोजपर्यंत पोचवतो, डॉसबॉक्स-एक्स मध्येही ती सोय आहे. पण कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, माझ्यावर पण नाही, स्वतः तपासा. डेटाची कॉपी घेऊन दोन मशीनवर एकच खातं दुरुस्तीला उघडा. दुसऱ्याला अडवलं पाहिजे. नाही अडवलं तर त्या सेटअपवर एक रुपयाचाही व्यवहार नको. यापेक्षा पक्का उपाय म्हणजे तिन्ही काउंटरचे प्रोग्रॅम एकाच मशीनवर चालवायचे, सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनमध्ये, ३२ बिट विंडोजची सर्व्हर आवृत्ती टाकायची आणि काउंटरवरून रिमोट डेस्कटॉपने आत जायचं. डेटा नेटवर्कवरून इकडेतिकडे पळतच नाही, नुसतं स्क्रीनचं चित्र जातं. मात्र ते जुनं विंडोज इंटरनेटला दिसता कामा नये.

माझं मत विचाराल तर लोकांच्या ठेवी असलेल्या ठिकाणी एम्युलेटर फक्त जुनं खातं बघायला ठेवावा, एका मशीनवर, रीड-ओन्ली. रोजचा व्यवहार नवीन सॉफ्टवेअरमध्ये. त्याला पैसे लागतात, संचालक मंडळ कुरकुर करणार, माहितीये. वरचं ८००० चं उदाहरण मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवा.

प्रश्न: सर, मी गावच्या वाचनालयात काम करते. पुस्तकांची आणि सभासदांची यादी १९९० च्या दशकात फॉक्सप्रोत मराठीत केलेली आहे, त्या कॉम्प्युटरला म्हणे पुण्याहून आणलेलं एक कार्ड लावलं होतं. कॉम्प्युटर गेला, हार्डडिस्कमधल्या फाइली मिळाल्या. एम्युलेटरमध्ये यादी उघडते, नंबर आणि तारखा नीट दिसतात, पण मराठीच्या जागी उभ्या आडव्या रेघा, चौकटीचे कोपरे आणि कसली तरी परदेशी अक्षरं. डेटा खराब झालाय का?

उत्तर: अजिबात नाही, आणि या वेळच्या सगळ्या पत्रांत मला हे सगळ्यात आवडलं.

ते कार्ड म्हणजे जिस्ट कार्ड. मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ते बाजारात आणलं. त्याची करामत अशी की फॉक्सप्रोला मराठीचा गंधही नव्हता, तो आपला इंग्रजी समजून बाइट ठेवत होता, आणि स्क्रीनवर जाताना मध्ये बसलेलं कार्ड त्या बाइटची देवनागरी अक्षरं करत होतं. जोडाक्षरं, वेलांट्या सगळं कार्डाच्या अंगावर. आता एम्युलेटरने तुम्हाला प्रोसेसर दिला, डॉस दिलं, पण ते कार्ड काही दिलेलं नाही. त्यामुळे जे बाइट आहेत ते उघडे पडले.

ते बाइट इस्की नावाच्या कोडमध्ये आहेत, त्याचं १९९१ चं भारतीय मानकही आहे. इस्कीत क चा नंबर १७९. आणि साध्या डॉसच्या तक्त्यात १७९ ला काय आहे, तर उभी रेघ, जी चौकटी काढायला वापरायचे. ख १८०, तिथे उभ्या रेघेला डावीकडे फुटलेला फाटा. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर जिथे उभी रेघ दिसतेय तिथे क आहे, आणि चौकटीचे ते कोपरे म्हणजे पुढची व्यंजनं. पुस्तकांच्या यादीत कादंबरी हा शब्द शंभर वेळा येत असेल, तो दर वेळी उभ्या रेघेने सुरू होतोय का बघा, लगेच खात्री पटेल.

यातून बाहेर पडायचा रस्ता एम्युलेटरमधून जात नाही. एम्युलेटरचा उपयोग एवढाच की प्रोग्रॅम चालवून कुठला रकाना कशाचा आहे ते समजून घ्यायचं, कारण डीबीएफमध्ये रकान्याचं नाव दहाच अक्षरांचं असतं आणि पूर्वीच्या लोकांनी एनएम२, सीडी३ असली नावं देऊन ठेवलेली असतात. ते एकदा वहीत लिहून घेतलं की मूळ फाइल बाजूला ठेवा आणि कॉपीवर काम करा. विंडोजला इस्की देवनागरी माहीत आहे, कोडपेज (अक्षरांचा तक्ता) ५७००२ या नंबराने. पॉवरशेलमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहून रकान्यातले बाइट त्या कोडपेजने वाचले की युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी, मराठी हातात येते. गावात कुणी इंजिनिअरिंगचा मुलगा असेल तर त्याला हा परिच्छेद दाखवा, त्याची एक दुपार जाईल. सगळी फाइल एकगठ्ठा बदलायची नाही हे त्याला बजावून सांगा, फक्त मराठीचे रकाने, नाहीतर हेडरचीही मराठी होईल.

आणि बदललेलं मराठी परत त्याच डीबीएफमध्ये कोंबू नका. इस्कीत प्रत्येक व्यंजनाला, मात्रेला, हलन्तला एक बाइट लागतो. कोल्हापूर लिहायला नऊ बाइट. तेच युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे सत्तावीस. गावासाठी वीस जागांचा रकाना असेल तर कोल्हापूरचं कोल्हा होऊन पुढचं अक्षर अर्धवट तुटणार. नवीन यादी लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या शीटमध्ये नाहीतर एखाद्या छोट्या डेटाबेसमध्ये घ्या.

एक गोष्ट मात्र त्या काळच्या लोकांची मानली पाहिजे. इस्कीतला अक्षरांचा क्रम जवळपास आपल्या वर्णमालेचाच ठेवलाय, त्यामुळे फॉक्सप्रोला मराठी येत नसतानाही त्याने लावलेली यादी बऱ्यापैकी अ पासून ज्ञ पर्यंत ओळीत यायची. युनिकोडनेही देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच उचललीये, म्हणून तर एकातून दुसऱ्यात जाणं एवढं सोपं आहे. तुमची यादी मात्र इस्कीतलीच आहे हे आधी पक्कं करा. नंतरच्या काळातल्या विंडोजच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर प्रकार वेगळा, तिथे अक्षराचे तुकडे साठवलेले असतात आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. पण उभ्या रेघा म्हणताय त्यावरून मला तरी जिस्टच वाटतंय.

प्रश्न: काका, मी न्यू जर्सीत असते. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सुरुवातीच्या वर्षांची सभासद यादी एका काकूंकडे सापडली, सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर. लेबलवर डीबेस थ्री प्लस लिहिलंय. डीबेस चालवायला एम्युलेटर कुठला घेऊ?

उत्तर: एम्युलेटर शेवटी, किंबहुना नकोच. तुमची अडचण फ्लॉपी वाचायची आहे, डीबेसची नाही.

डीबेस हा याद्या ठेवायचा जुना प्रोग्रॅम, त्याचं मूळ तुमच्याच देशातलं. वेन रॅटलिफ या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माणसाने व्हल्कन नावाने ते केलं, मग ॲश्टन-टेट कंपनीने ते डीबेस टू म्हणून विकलं. डीबेस वन कधी नव्हतंच, पहिल्यालाच टू म्हटलं की माल जुना आणि मुरलेला वाटतो. डेटा ठेवायची पद्धत मात्र इतकी सरळ की पुढे क्लिपर, फॉक्सप्रो सगळ्यांनी तीच धरली. नंबर अक्षरांतच लिहिलेले, तारीख १९८६०४०१ अशी आठ आकड्यांत. लिबरऑफिस कॅल्कमध्ये डीबीएफ उघडली की यादी समोर. नोंदीतला मोठा मजकूर गायब वाटला तर तो शेजारच्या डीबीटी फाइलमध्ये असतो, ती पण बरोबर घ्या, आणि कॅल्कमधून परत डीबीएफ म्हणून सेव्ह करू नका, दुसऱ्या नावाने दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करा.

आता फ्लॉपी. ऑनलाइन मिळणारे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीचे असतात, त्यात तुमच्या जाणारच नाहीत. एखादा जुना सव्वापाच इंची ड्राइव्ह मिळवावा लागेल आणि तो आजच्या कॉम्प्युटरला जोडायला ग्रीसवीझल नावाचं छोटं बोर्ड मिळतं. ते फ्लॉपीवरचे चुंबकीय चढउतार जसेच्या तसे वाचून फाइल करतं, त्यामुळे एखादा भाग वाचला गेला नाही तरी परत परत प्रयत्न करता येतो. तुमच्या फ्लॉप्या बहुतेक ३६० केबीच्या असतील, १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येतील, पण त्यात त्यांच्यावर लिहायचं नाही, त्या ड्राइव्हचं वाचायचं-लिहायचं डोकं अरुंद असतं आणि मग मूळच्या ड्राइव्हलाही ती फ्लॉपी धड वाचता येत नाही.

म्हणून पहिलं काम, फ्लॉपीच्या कडेला जी चौकोनी खाच असते तिच्यावर चिकटपट्टी लावा, सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद होतं. साडेतीन इंचीत नेमकं उलट, तिथे भोक उघडं असलं की बंद, यात भले भले गडबडतात. दुसरं काम, मधल्या लांबट खिडकीतून तबकडी हळूच फिरवून बघा. पांढरट डाग दिसले तर ती बुरशी, तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं डोकं खराब होतं आणि ते डोकं पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे ओढतं. तसली असेल तर बाजूला ठेवा, आधी स्वच्छ दिसणाऱ्या वाचून घ्या. हे सगळं झेपत नसेल तर तुमच्या भागात जुन्या कॉम्प्युटरचा नाद असलेली मंडळी असतात, त्यांच्याकडे ड्राइव्ह तयार असतो आणि असल्या कामाला ते आनंदाने हो म्हणतात. फक्त यादीत लोकांचे पत्ते, फोन असणार, तेव्हा फ्लॉपी पोस्टाने पाठवून देऊ नका, शेजारी बसून वाचून घ्या.